हात दाखवा, बोट थांबवा

बेसिम कप्तानांच्या गाडीवर मी क्लीनर होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल जे वेडंवाकडं बोलेन ते हक्कानं बोलतोय, हे ध्यानात राहील. इझमीर ते अंताल्या ही आमची गाडी. लांब पल्ल्याच्या बसच्या ड्रायव्हरला आमच्याकडं कप्तानच म्हणतात, आणि बेसिम कप्तानांना तर त्यांची आईसुद्धा कप्तान म्हणायची. ते गाडी हाकायचे. मी प्रवाशांच्या तळहातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओतायचो, चहा द्यायचो, पोरांच्या उलट्या पुसायचो, आणि गाडी मागं घ्यायची वेळ आली की पाठीमागं उभा राहून ओरडायचो, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स." माझ्या 'बस्स'वर त्यांचा एवढा भरवसा होता की आरशात ते फक्त स्वतःच्या मिशा बघायचे.

कप्तानांचे नियम दोन. गाडी वेळेवर पोचली पाहिजे, हा पहिला. रस्त्याच्या कडेला कुणी हात केला तर त्याला टाकून जायचं नाही, हा दुसरा. गाडी गच्च भरलेली असली तर हात करणाऱ्याला माझ्या जागेवर बसवायचं आणि मी दारात लोंबकळायचं. आता हे दोन नियम एकमेकांच्या जिवावर उठलेले. हात करणाऱ्यांपायी गेलेला वेळ मग जेवणाच्या थांब्यावर वसूल व्हायचा. प्रवाशांचं सूप अर्धं पोटात, अर्धं वाडग्यात, आणि बाहेर कप्तानांचा हॉर्न. आम्ही दोघं स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्रायव्हरांच्या वेगळ्या टेबलावर घास कोंबून केव्हाच मोकळे झालेलो. तीसेक वर्षांत त्या माणसानं प्रवाशांबरोबर बसून एक घास खाल्ला नाही. थांब्यावर इंजिनही कधी बंद केलं नाही. म्हणायचे, "बंद गाडी म्हणजे मेलेलं जनावर."

मिलासला त्यांचं घर. घरात बायको, निगार आब्ला. आब्ला म्हणजे ताई. तिनं मला वर्षानुवर्षं जेवू घातलंय, त्यामुळं नवराबायकोच्या भांडणात मी कायम तिच्या बाजूनं असतो, फक्त कप्तानांना ते कळू देत नाही. आब्ला शाळेच्या कचेरीत नोकरीला होती. मिलास डोंगराच्या अलीकडं, समुद्र पलीकडं. कप्तान घरी आले की ती विचारायची, "काय पाहिलंस?"

"रस्ता."

"आणि समुद्र?"

"होता. जाताना उजवीकडं, येताना डावीकडं."

समुद्राचं एवढंच वर्णन तिच्या वाट्याला आलं. एकदा मलाही ने तुझ्या गाडीतून, असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची आणि कप्तान दर उन्हाळ्यात "पुढच्या वर्षी" म्हणायचे. घरचं माणूस गाडीत बसलं की स्टिअरिंगवरचा हात थरथरतो म्हणे.

गाडीवरचं काम सोडून मी डोंगरापलीकडं ग्युल्लुकला चहाचं दुकान काढलं होतं; निवृत्त झाल्यावर कप्तान रोज तिथं येऊन बसायला लागले. दुकान बंदराच्या धक्क्यावरच आहे. सगळी दुनिया समुद्राकडं तोंड करून चहा पिते. हे खुर्ची फिरवून रस्त्याकडं तोंड करून बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक बसला किती उशीर झालाय ते शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाइकं पळायला लागली. मी आब्लाकडं रडगाणं गायलो. ती म्हणाली, "थोडी कळ काढ."

खेड्यापाड्यांतून फिरवायला म्हणून कप्तानांनी एक जुनी मिनीबस घेऊन ठेवली होती आणि ती बायकोच्या नावावर केली होती. ही त्यांची चूक. आब्लानं ती मिनीबस परस्पर इझमीरच्या एका निवृत्त दंतवैद्याला देऊन टाकली आणि बदल्यात त्याची शिडाची बोट घेतली. दंतवैद्याला मिनीबसमध्ये पलंग टाकून डोंगरात राहायचं होतं. निवृत्त माणसांना काय सुचेल सांगता येत नाही. बोट छोटीच. आत दोघं झोपतील, तिसरा जेवणाच्या फळीवर. कप्तान आठवडाभर तोंड पाडून बसले. मग उठून त्यांनी बोटीच्या पाठीवर नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'माशाल्लाह' रंगवलं, ट्रकवर असतं तसं, आणि सुकाणूशेजारी बसचा आरसा ठोकला.

"किनाऱ्यानं पार काशच्या बंदरापर्यंत जायचं आणि परत यायचं," आब्ला त्यांना माझ्यादेखत म्हणाली. "सावकाश. मला वाटेल तिथं थांबायचं, वाटेल तेवढं थांबायचं. कबूल?"

"कबूल."

"हम्दी, तू ऐकलंस."

"ऐकलं, आब्ला."

निघायच्या आदल्या दिवशी बोटीत शिरून पाहतो तर भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं. थांबे, पोचायच्या वेळा, सुटायच्या वेळा, सगळं. आब्लानं ते वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं. ती एखादी गोष्ट दोनदा वाचते तेव्हा मला भीती वाटते.

प्रवासाला निघालेल्याच्या पाठीमागं आमच्याकडं पाणी ओततात, पाण्यासारखा जावा, पाण्यासारखा यावा म्हणून. ते रस्त्यावर ओतायचं असतं. आता इथं रस्ता कुठला? आम्ही सगळ्या धक्क्यानं मिळून घागरी भरभरून समुद्रातच पाणी ओतलं. शेजारच्या मोठ्या नौकेवरची पांढऱ्या बुटांची मंडळी आमच्याकडं बघत राहिली. बघू देत. पाणी ओतायचं राहिलं असं कुणी म्हणायला नको.

मग रोज संध्याकाळी आब्लाचा फोन.

"आज कुठं, आब्ला?"

"बोडरूम झालं."

"कसं होतं?"

"डावीकडं होतं."

हळूहळू सगळं कळत गेलं. शीड उभारायचं कप्तान नावच काढत नव्हते. वाऱ्याच्या भरवशावर कुणी गाडी हाकतं का, असा त्यांचा सवाल. नांगर टाकला तरी इंजिन धडधडतंच. आब्लानं एका निवांत खाडीत पाण्यात उडी मारली, चार हात पोहली नाही तोच मागून हॉर्न. चहाचा पेला हातात घ्यावा तर हॉर्न. एका कोळ्याच्या बायकोशी गप्पा मारायला म्हणून ती बोटीला बांधलेली छोटी वल्ह्याची होडी घेऊन किनाऱ्याला गेली, तर कप्तान हॉर्नवर हात ठेवूनच बसले. कोळ्याच्या बायकोला वाटलं, बोटीला आग लागली.

दात्चाला तर कहरच झाला. तिथं बोट मागं घेत घेत धक्क्याला लावतात. नांगर सोडायला आब्ला पुढच्या टोकाला. मागं उभं राहून ओरडायला कुणी नाही. कप्तानांनी सवयीनं आरशात मिशा बघितल्या आणि घेतली मागं. बोटीला ब्रेक नसतो हे त्यांना माहीत होतं, पायाला माहीत नव्हतं. धक्क्यावर एक सेवानिवृत्त न्यायाधीश तळलेला माकूळ मासा पुढ्यात घेऊन बसले होते. टेबल, माकूळ आणि लिंबाच्या फोडी, सगळं पाण्यात. न्यायाधीश तेवढे खुर्चीसकट मागं सरकून वाचले.

त्या संध्याकाळी आब्ला फोनवर एवढंच म्हणाली, "हम्दी, ये. नाहीतर मी उतरते."

दुकान मेव्हण्याच्या गळ्यात मारून मी बस पकडली. आब्ला मला धक्क्याजवळच्या चहाच्या बागेत घेऊन गेली. कप्तान तिकडं न्यायाधीशांना ताजा माकूळ खाऊ घालत होते, अर्थात स्वतः उभे राहून.

"हे बघ," आब्ला म्हणाली. "मी चिडलेली नाही. चिडायचं वय गेलं. पण सगळं आयुष्य मी त्याच्या गाडीच्या वेळा सांभाळल्या. आता ही बोटसुद्धा वेळेवरच चालणार असेल तर मी इथून बसनं मिलासला जाते. आणि मग तो घरी आला तरी मी दार उघडीन असं समजू नकोस."

"असं बोलू नये, आब्ला."

"बोलत नाहीये. सांगतेय."

ती खरंच सांगत होती. चहात साखर ढवळत, अगदी शांतपणे. ही दोघं वेगळी झाली तर मी जेवायचं कुठं, हा विचार आधी आला, हे कबूल करतो. पण तिचीही दया आली. एवढी हौस एका माणसाच्या हॉर्नखाली चिरडली जात होती.

"थांबवणार कसं त्यांना?" मी म्हटलं. "कप्तान कशानं थांबलेत कधी?"

आब्लानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. दोघांच्या एकदमच डोक्यात आलं. मी नुसता हात वर केला आणि ती हसायला लागली.

दात्चाच्या बाजारात आब्लानं हुरिये तेय्झेला गाठलं. तेय्झे म्हणजे मावशी, आणि ही म्हातारी सगळ्या गावाचीच मावशी होती. तिला सेलिमियेला नातीच्या साखरपुड्याला जायचं होतं, बरोबर बक्लाव्याच्या मिठाईची परात आणि टोपलीत दोन कोंबड्या. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या आखाताला वळसा, पाण्यानं समोरासमोर. सकाळी कप्तान दोर सोडायला लागले आणि धक्क्यावर हुरिये तेय्झेनं हात वर केला.

कप्तानांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सहा महिन्यांच्या उपाशी माणसापुढं पान वाढावं तसा झाला.

"कुठं जायचंय, तेय्झे?"

"सेलिमिये, लेकरा. जागा आहे का?"

"जागा होते. हम्दी, टोपली घे. कोलोन्या काढ."

कोलोन्याची बाटली बोटीत होती, आणि तीही भरलेली. कुणी भरून ठेवली होती ते मी विचारलं नाही.

आता बसचा प्रवासी फाट्यावर उतरतो आणि धुळीत दिसेनासा होतो. बोटीचं तसं नाही. बोटीनं माणसाला त्याच्या अंगणातच उतरवावं लागतं. सेलिमियेला त्या घराच्या लाकडी धक्क्यावर सगळं गोत उभं होतं. आमच्या म्हातारीला आणलंत आणि तसेच जाता? चहा झाला. चहावर जेवण. संध्याकाळी साखरपुड्याच्या दोन अंगठ्या जोडणारी लाल फीत कापायला वयानं मोठं माणूस हवं होतं, ती कात्री कप्तानांच्या हातात. बसा म्हटलं तर कप्तान स्वयंपाकघराकडं निघाले, ड्रायव्हरांचं टेबल शोधायला. तिथं वाजंत्री मंडळींबरोबर त्यांना उभ्या उभ्या जेवताना नवऱ्या मुलाच्या आजीनं पाहिलं. तिनं त्यांची बाही धरली आणि आपल्या शेजारी आणून बसवलं.

"नीट खा की. मागं काय वाघ लागलाय?"

कप्तानांनी घड्याळाकडं पाहिलं. आजीनं घड्याळावर आपला हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या ताटात वांगं वाढलं. आब्ला समोर बसून जेवत होती, एवढी हळू की मला तिचा एकेक घास मोजता आला असता.

दोन दिवस आम्ही तिथून हललो नाही. आब्ला पोहली, अंजिरं वाळत घालायला मदत केली, तिथल्या बायकांकडून नव्या विणी शिकली. कप्तानांची चुळबुळ चालू होती, पण प्रवाशाच्या घरचं मीठ खाल्लं होतं, तोंड उघडता येत नव्हतं.

दुसरा हात झेकाईचा. साखरपुड्यात क्लॅरिनेट वाजवणारा हा झेकाई, त्याला बोझबुरूनच्या लग्नाला पोचायचं होतं. माणूस तगडा, मिशा कप्तानांपेक्षा भारी, पण पाण्याला असा घाबरायचा की क्लॅरिनेट पोटाशी धरून डोळे मिटूनच बसला. निम्म्या वाटेत कुणा कोळ्याचा तुटका दोर आमच्या बोटीखालच्या पंख्यात गुंतला आणि इंजिन गचके देत बंद पडलं. बोट लाटांना आडवी झाली. झेकाई कलमा म्हणायला लागला. कप्तान मला म्हणाले, "हम्दी, खाली उतरून धक्का मार."

"कशाला, कप्तान? कुठं उभा राहून?"

एवढ्यात आब्ला उठली. तिनं पिशवीतून हातमोजे काढले, डोलकाठीजवळ गेली, एक दोर सोडला, दुसरा ओढला, आणि शीड सरसर वर गेलं. मग येऊन तिनं कप्तानांना कोपरानं बाजूला सारलं आणि सुकाणू धरलं. बोट कुशीवर कलली आणि चालायला लागली. आवाज नाही, धूर नाही, काही नाही.

"हे कुठं शिकलीस?" कप्तान म्हणाले.

"गोधडीच्या क्लासात."

गेला अख्खा हिवाळा आब्ला मंगळवारी गोधडी शिवायला जाते म्हणून बाहेर पडायची. जायची ती ग्युल्लुकच्या बंदरात, शाळकरी पोरांच्या शिडाच्या वर्गात. माझ्या दुकानासमोर, धक्क्यावरूनच जायची. कप्तान रस्त्याकडं तोंड करून बसलेले असायचे, त्यांना दिसणार कशी?

कप्तानांचा उजवा पाय फळीवर दाबलेला होता, ॲक्सिलरेटरवर असतो तसा. शेवटी हळूच म्हणाले, "गाडी बंद आहे आणि चालतेय."

"चालतेय ना?"

"चालतेय." आणि त्यांनी पाय फळीवरून उचलला. झेकाईनं एक डोळा उघडला, भीती घालवायला क्लॅरिनेट तोंडाला लावलं, आणि आम्ही वाजतगाजत बोझबुरूनच्या बंदरात शिरलो.

आमचा डाव फत्ते झाला, असं आब्लाला आणि मला त्या दिवशी वाटलं. आम्ही दोघंही मूर्ख.

बातमी किनारभर पसरली. कुणी म्हातारा एक बोट घेऊन फिरतोय, हात केला की थांबतो, काही घेत नाही, वर कोलोन्या आणि चहा देतो. सेलिमिये, बोझबुरून, स्युट या गावांमध्ये रस्ता आहे, पण वळणं अशी की पोटातलं बाहेर येतं. दुसऱ्याच दिवसापासून धक्क्याधक्क्यावर हात. चीज घेऊन बाजाराला निघालेली बाई. गादी घेऊन सासरी निघालेलं जोडपं. डॉक्टरकडं निघालेले आजोबा, ज्यांना काहीच झालेलं नव्हतं, पण बोट बघायची होती. आब्लानं आता कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरज उरली नव्हती.

आणि कप्तान? कप्तान फुलले. पंख्यातला दोर काढून झाला, शीड गुंडाळून बाजूला पडलं, आणि एके सकाळी भिंतीवर नवं वेळापत्रक. सेलिमियेहून सकाळची, बोझबुरूनहून दुपारची, स्युटहून संध्याकाळची. तिन्ही गावांमध्ये आम्ही भिंगरीसारखे फिरायला लागलो. माणसं एवढी की आता कुणाच्या घरी जेवायला थांबायलाही फुरसत नव्हती. प्रवासी धक्क्यावर उतरायचे, दुसरे चढायचे, हॉर्न. काश तर दूरच, मार्मारिसचा कोपराही ओलांडला नाही. आब्ला पोत्यांच्या मध्ये मांडीवर कुणाचं तरी तान्हं घेऊन बसायची. तिनं आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तिला ते कळत होतं. मलाही कळत होतं. पण खरं सांगू? मी पुन्हा क्लीनर झालो होतो. पाठीमागं उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होतो आणि मला झकास वाटत होतं. त्यामुळं मी गप्प बसलो.

एका रात्री जेवताना आब्लानं विचारलं, "बेसिम, काशला कधी निघायचं?"

"शनिवारी सेलिमियेला एक लग्न आहे. दोन जादा फेऱ्या ठरल्यात. लोक अडून बसलेत, निगार. मला काही टाकून जाता येत नाही त्यांना."

"बरं, बेसिम बे," आब्ला म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. एवढ्या वर्षांत ती नवऱ्याला 'बे', म्हणजे साहेब, आणि वर 'तुम्ही' म्हणाल्याचं मी दोनदा ऐकलंय, आणि दोन्ही वेळा कप्तान महिनाभर बाहेरच्या खोलीत झोपले होते. पण आता ते त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ते जादा फेऱ्यांच्या वेळा जुळवत होते.

शनिवारी सकाळी बोझबुरूनला बोट गच्च भरली. हुरिये तेय्झे बोझबुरूनच्या नातेवाइकांना भेटून परत निघाली होती. बक्लावा संपला होता, कोंबड्या होत्या तशाच, त्या कुणी घेतल्याच नव्हत्या. झेकाई होता, गादीवालं जोडपं सासरच्यांशी भांडून माहेरी निघालं होतं, गादीसकट. निगार आब्ला तेवढी नव्हती. तिची पिशवी पण नव्हती.

कप्तानांनी हॉर्न दिला. पुन्हा दिला.

"आब्ला नाही आली," मी म्हटलं.

"बाजारात असेल."

"कप्तान, पिशवी नाहीये तिची. चौकात मार्मारिसची मिनीबस लागलीय."

कप्तानांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या जबड्याची हालचाल मला दिसली. एकीकडं भरलेली बोट, सुटायची वेळ होऊन गेलेली, दुसरीकडं बायको. मला वाटलं, आता खाली उतरतील आणि चौकाकडं पळतील. ते म्हणाले, "दोर सोड."

मला त्या माणसाचा एवढा राग कधी आला नव्हता. मी दोर सोडला, पण तोंडानं काहीतरी पुटपुटलो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला दगडांचा बांध घातलेला आहे. बोटी त्याच्या टोकाला अगदी घासून बाहेर पडतात. त्या टोकावर निगार आब्ला उभी होती. पायाशी पिशवी आणि हात वर.

कप्तानांनी इंजिन मंद केलं. बोट बांधाजवळ डुलत राहिली.

"कुठं होतीस? मी हॉर्न दिला."

"ऐकला."

"चढ मग. उशीर होतोय."

ती जागची हलली नाही. "लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मिलासच्या फाट्यावर अशीच उभी होते," ती म्हणाली. "अशीच पिशवी. असाच हात केला होता. तू मला पाहिलंस आणि तसाच गेलास."

गादीवाल्या बाईनं तोंडावर हात घेतला. मी तेव्हा गाडीवर नव्हतो, मला हे माहीत नव्हतं. कप्तान आता नाही म्हणतील, आठवत नाही म्हणतील, असं मला वाटलं.

"त्या दिवशी गाडी वेळेवर होती," ते म्हणाले.

"माहीत आहे. तू जगातल्या सगळ्यांना घेतलंस, मला नाही घेतलंस. मला वाईट वाटलं होतं, बेसिम. अजून वाटतं. आज तू थांबतोस का बघायला आले. नाहीतर मिनीबस आहेच, तिलाही हात करता येतो."

कप्तान सुकाणूकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली, आणि गाडीच्या दारात उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला हानम, म्हणजे बाईसाहेब, म्हणून विचारायचे त्याच आवाजात विचारलं, "कुठं जायचंय, हानम?"

"ठरलेलं नाही."

"माणसं किती?"

"दोन. तू धरून."

कप्तानांनी बोट बांधाला लावली. मी सवयीनं "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतो. त्यांनी मागं वळून बोटीकडं पाहिलं आणि म्हणाले, "सगळे उतरा."

कुणाला आधी कळलंच नाही. झेकाईला कळलं, तो लगेच उडी मारून दगडावर. त्याला जमीन हवीच होती. गादी उतरली, गादीवाले उतरले. हुरिये तेय्झे मात्र टोपलीवर हात ठेवून बसून राहिली.

"मी नाही अर्ध्या वाटेत उतरायची. माझ्या कोंबड्यांना ऊन लागतंय."

"तेय्झे, गाडी बिघडलीय."

"कुठं बिघडलीय? चालू तर आहे."

कप्तान खाली वाकले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. "बिघडली."

मी टोपली उचलून तेय्झेला उतरवलं आणि आब्लाचा हात धरून तिला वर घेतलं. मग दोर गोळा करायला लागलो.

"हम्दी," कप्तान म्हणाले, "तूसुद्धा."

"मी? कप्तान, मागं घेताना तुम्हाला कोण..."

"मागं घ्यायचंच नाहीये."

आब्लानं शीड वर चढवलं. हातमोजे तिच्या हातात आधीपासूनच होते. सुकाणू कुणाकडं असावं यावर थोडी कुजबुज झाली, मग कप्तान सरकून बसले. बोट कलली आणि निघाली, दक्षिणेकडं तोंड करून. आम्ही बांधावर रांगेनं उभे, क्लॅरिनेट, गादी, कोंबड्या. हुरिये तेय्झेला अजून पटलं नव्हतं. तिनं पदरासारखा रुमाल सावरला आणि चांगला उंच हात केला. कप्तानांनी वळून पाहिलं. नीट पाहिलं. आणि ते पुढं गेले.

तेय्झे त्यांच्या नावानं बोटं मोडत होती, आणि मी मात्र दगडावर बसून पोट धरून हसलो, मग थोडा रडलो, मग पुन्हा हसलो. नंतर कोंबड्यांची टोपली मी घेतली, झेकाईनं गादी घेतली, आणि आम्ही चौकाकडं चालायला लागलो. मिनीबस अजून सुटली नव्हती.